विटेखालची फांदी

सृष्टीचं लग्न झालं त्याच वर्षी, डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी तिच्या आजीनं, लताबाईनं, रावजीच्या हातातलं चुन्याच्या फक्कीचं घमेलं हिसकावून घेतलं आणि रस्त्याकडेच्या गटारात उपडं केलं. मोकळ्या प्लॉटवर पांढरी चौकट अर्धीच आखून झाली होती. ती तशीच अर्धी राहिली.

"काकू, अहो चबुतरा आहे," रावजी पँटवरची फक्की झटकत म्हणाला. "आपल्या बाबांच्याच नावाचा."

"बाबांच्या नावाचा चबुतरा, आणि बाबांच्याच झाडांवर?"

"चार झाडं जातील फार तर. पण कॉलनीचं नाव होईल."

"कॉलनीचं का तुझं?"

रावजी हसला. महापालिकेच्या निवडणुका जवळ आल्या होत्या, त्याला उभं राहायचं होतं आणि हसणं त्याला भाग होतं. चबुतऱ्यावर फायबरची तोफ बसणार होती. गणपतीची आरास करणाऱ्या एकाकडं ती तयारही होती, फक्त रंग वाळायचा होता. पुढं कमान. कमानीवर एका बाजूला लताबाईच्या नवऱ्याचा, भिकन गांगुर्डे यांचा, फौजी टोपीतला फोटो आणि दुसऱ्या बाजूला रावजीचा, हात जोडलेला.

भिकन तोफखान्यातून हवालदार होऊन घरी आले तेव्हा या प्लॉटवर कॉलनीचा कचरा पडत असे. त्यांनी तो उपसला. नासर्डीच्या काठची माती पोत्यात भरून सायकलवरून आणली. पेरू लावला, मोगरा लावला, कढीपत्ता लावला. कॉलनीतल्या बायका पोह्यांसाठी कढीपत्ता तोडून न्यायच्या आणि पोरांना क्रिकेट खेळू देत नाही म्हणून म्हाताऱ्याला नावंही ठेवायच्या. आता तो म्हातारा गेला होता आणि सगळ्यांना तो शूर वाटायला लागला होता. परवाच्या शोकसभेत एकानं तर भाषणात त्यांच्या हातात संगीन देऊन त्यांना खंदकात उतरवलं होतं.

या कशाचाही लताबाईला इतका राग आला नव्हता. दीपकनं, तिच्या मुलानं, रावजीपुढं होकाराची मान हलवली होती. तो राग तिच्या छातीत बसला होता.

दीपक मोबाइल खिशात घालत पुढं आला.

"आई, रस्त्यात तमाशा नको. लोक मान देतायत बाबांना."

"तुझ्या बापाला तोफ पाहिजे होती का रे?"

"तसं नाही..."

"सव्वीस जानेवारीला ही माणसं हार घेऊन यायची, तेव्हा ते कुठं असायचे? सांग ना."

ते इथंच असायचे, उकिडवे बसून, हातात खुरपं आणि रस्त्याकडं डावा कान. डावा कान तोफेच्या आवाजानं कायमचा गेला होता. एकाहत्तरच्या लढाईचं कुणी विचारलं की भिकन तोच कान पुढं करायचे. विचारणारा दोनदा ओरडायचा आणि कंटाळून जायचा. एकदाच, लताबाई तांदूळ निवडत असताना, ते आपणहून बोलले होते. "झाडीच्या पलीकडं गोळा टाकायचा. कुणावर पडला, ते काय कळलं नाय. शेवटपर्यंत नाय." मग सुपातला एक खडा उचलून त्यांनी बाहेर फेकला होता आणि तो कुठं पडतो ते पाहत राहिले होते.

"सहादू, तू कर रे सुरू," रावजी म्हणाला. "आखणी नंतर बघू. आधी तो पेरू काढ."

सहादू पेठ तालुक्यातला, पिकल्या मिशांचा मजूर. तो कुदळ घेऊन पेरूपाशी गेला, कुदळ वर उचलली आणि तशीच खाली आणली. वाकून त्यानं जमिनीकडं पाहिलं. मग कुदळ बाजूला ठेवून पायातल्या चपला काढल्या.

"काय झालं?"

"इथं कुदळ नाय मारायचा मी."

"का? साप आहे का?" रावजीनं विचारलं.

"इथं ठेवलेलं हाये कोणाला तरी." सहादूनं बोट दाखवलं. "माती वर आलेली हाये. वर वीट, विटेवर फुलं. आमच्याकडं आता बरेच जण रक्षा अशीच झाडाखाली ठेवत्यात. नदीत नाय सोडत."

सगळे पुढं सरकले. पेरूच्या खाली मातीचा लहानसा उंचवटा होता. त्याच्यावर वीट होती आणि विटेवर झेंडूची सुकलेली फुलं. भिकनच्या फोटोचा कालचा हार लताबाईनंच झाडाच्या बुडाशी आणून टाकला होता. निर्माल्य ती नेहमी तिथंच टाकायची.

"काकू," रावजीचा आवाज उतरला, "बाबांची रक्षा इथं ठेवलीय?"

लताबाईच्या तोंडात शिवी होती. शिवी तिथंच थांबली.

मातीखाली पेरूची फांदी होती. पावसाळ्यात भिकननी ती खाली वाकवून, साल जराशी खरवडून मातीत दाबली होती आणि उठू नये म्हणून वर वीट ठेवली होती. दाब कलम. फांदीचं टोक उंचवट्याच्या पलीकडं बाहेर आलं होतं, चार पानं घेऊन. झाडं लावणाऱ्या कुणालाही ते दिसलं असतं. पण झाडं लावणारा तिथं कुणी उरला नव्हता. ती वीट कुरकुर करत आणून दिली होती दीपकनं. आणि रक्षेचं मडकं घरामागच्या शेवग्याला फडक्यात बांधून टांगलेलं होतं, उद्या दशक्रियेला रामकुंडावर न्यायला. त्या फडक्याची गाठही दीपकनंच मारली होती.

लताबाईनं मुलाकडं पाहिलं.

रावजीनंही पाहिलं. "दीपक, तू तर काही बोलला नाहीस. उद्या घाटावर जायचं म्हणत होतास."

दीपक विटेकडं पाहत होता. मग तो खाली वाकला. बुटांच्या नाड्या सोडायला त्याला वेळ लागला. बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले आणि दवानं ओल्या झालेल्या मातीत तो अनवाणी उभा राहिला.

"रावजीभाऊ," तो म्हणाला, "चपला काढा."

रावजीनं काढल्या. थोडा वेळ हात जोडून उभा राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "मग निदान कमान तरी रस्त्याच्या कडेला..."

"लाव," लताबाई म्हणाली. "भोपळ्याचा वेल सोडते तिच्यावर. तुझ्या थोबाडापासून सुरुवात करीन."

सहादू मिशीत हसला आणि घमेलं शोधायला गटाराकडं गेला.

संध्याकाळी दिवेलागणीला दीपक मडकं आणि खुरपं घेऊन प्लॉटवर आला. मागून लताबाई आली. तो उंचवट्यापाशी बसला आणि खुरपं टेकवलं, तोच तिनं त्याच्या मनगटावर चापट मारली.

"इथं नाय. मुळं फुटली असतील. हातभर लांब, तिकडं."

तो सरकला. खुरपं त्यानं चमच्यासारखं धरलं होतं. ती बघत राहिली.

"उथळ झालं. कुत्रं उकरंल."

त्यानं आणखी खणलं.

"मूठभर मागं ठेव, उद्या नदीला. नायतर तुझी आत्या मला जगू द्यायची नाय."

दीपक हसायला गेला, पण ते हसू पुरं झालं नाही. रक्षा ओतून त्यानं माती लोटली, तळहातानं दाबली. नखांत माती गेली होती. त्या नखांकडं पाहत त्यानं विचारलं, "ती फांदी झाडापासून कधी तोडायची?"

"नवी पानं आली की. ते म्हणायचे, घाई केली की कलम मरतं." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "मान हलवलीस तू त्या रावजीपुढं."

"हो."

"परत हलवू नको."

घरी जाण्याआधी त्यानं कोपऱ्यातल्या नळाला पाइप लावला. किती पाणी घालायचं ते त्याला माहीत नव्हतं. ती मधेच पुरे म्हणाली, तेव्हा त्यानं नळ बंद केला.

हवालदार भिकन सखाराम गांगुर्डे शनिवारी, २९ नोव्हेंबर २०२५ रोजी पहाटे, झाडांना पाणी घालायच्या आधी, राहत्या घरी वारले.