उंदरांचा आकडा

आमच्या ह्यांना दिसेल ते तोंडात टाकायची सवय. त्या दिवशी सकाळी चहाबरोबर धाकट्या दिरांच्या डब्यातली पाच बिस्किटं फस्त केली आणि तासाभरानं आमच्या भंगाराच्या दुकानात पत्र्यांचा ढीग बघून हसत सुटले. मग मला म्हणाले, "अगं, माझे पाय कुठं ठेवलेस?"

दिरांचा चेहरा पांढराफटक पडला. "वहिनी, ती गांजाची होती. पाठदुखीला कुणी दिलेली. मी अर्धंच खातो."

"आणि डबा चहाच्या डब्याशेजारी ठेवलात?"

ह्यांना आधीच रक्तदाबाच्या गोळ्या चालू. मुलानं फोनवर शोधलं. अंगाच्या वजनाच्या किलोमागे अमुक इतका गांजा जिवावर बेततो, असा आकडा सापडला. भंगारवाल्याच्या घरात आकडा आला की काटा आलाच. त्यानं बापाला मोठ्या काट्यावर बसवलं आणि उरलेलं बिस्किट लहान काट्यावर ठेवलं.

"चपला वजा कर रे," हे वरून म्हणाले. "लबाडी नको."

हिशेब झाला. पाच बिस्किटं आकड्याच्या पुढे गेली होती.

आम्ही ह्यांना उचलूनच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, छातीचा आलेख काढला, वजन केलं. मुलानं सांगितलेल्यापेक्षा दोन किलो जास्त भरलं.

"काटा खराब आहे का तुमचा?"

मुलगा कान खाजवायला लागला. "नाही हो. सवयीनं, भंगार तोलताना कापतो तसे मातीचे दोन किलो कापले."

"बापाची माती काढलीस का रे?" हे खाटेवरून ओरडले.

"मग बाई," मी हात जोडले, "ते दोन किलो धरले तर हे आकड्याच्या आत येतात ना?"

"आजी, तो आकडा उंदरांवरून काढलाय. माणसाला किती म्हणजे जिवावर, हे असं नेमकं कुणाला सांगता येत नाही. शिवाय तुम्ही बिस्किटातलं पीठ-साखरही विषात धरलंत! गांजा नुसता खाऊन माणूस दगावणं फार विरळ. मला काळजी त्यांच्या हृदयाची आणि तोल जाऊन पडण्याची. आलेख चांगला आहे. संध्याकाळपर्यंत इथंच झोपू दे."

दीर भिंतीला टेकून मुसमुसत होते. मी त्यांना पाणी दिलं. रागवायला जीव शिल्लक नव्हता.

ऊन कलल्यावर ह्यांनी डोळे उघडले. नाडी संथ, रक्तदाब ठीक. आधी पाय हलवून बघितले, मग माझ्याकडे.

"सापडले," म्हणाले. "आणि भूक लागलीय. काही आहे का खायला?"

"आहे की," मी म्हटलं, आणि मला हसू आणि रडू एकदमच आलं. "पण आधी मी चाखणार."