कोपऱ्यातलं झुडूप

या, जवळ या. तो खांब सोडा आणि पुढे सरका. कीर्तनात मागे बसणाऱ्याला टाळांचा आवाज तेवढा मिळतो, आख्यान पुढच्यांना मिळतं, हे मी चाळीस वर्षं ऐकून शिकले आहे. आज एका तिवईचं आख्यान सांगते. त्यात राजा नाही, राक्षस नाही. एक मूर्ख मात्र आहे, आणि त्याच्याविषयी बोलताना माझी जीभ जरा घसरेल. पांडुरंग सांभाळून घेईल.

तर अमोघची लेन्स माझ्या अंगणात नाक खाली करून लोंबत होती.

नाकच म्हणायचं. दुधाच्या किटलीएवढी जाड, हातभर लांब, पांढरीशुभ्र. अमोघ ती ट्रायपॉडवर चढवायचा, खालचा गोळा फिरवून घट्ट आवळायचा, दोन पावलं मागे जाऊन कमरेवर हात ठेवायचा, आणि लेन्स त्याच्या डोळ्यांदेखत हळूहळू मान टाकायची.

"सेटल होतंय काकू," तो मला म्हणाला. "बॉल हेड नवीन असलं की जरा क्रीप होतं."

मी ताम्हिणीच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना देते. अमोघ हिंजवडीत नोकरीला, राहायला नांद्यात, भातखाचरं बुजवून उभ्या केलेल्या एका इमारतीच्या बाराव्या मजल्यावर. घाटातल्या ससाण्याचा फोटो काढायला आला होता. हा ट्रायपॉड निवडायला त्याला तीन महिने लागले होते. किती व्हिडिओ पाहिले, कसा तक्ता केला, जपानी कुठला आणि चिनी कुठला, हे सगळं त्याने रात्री जेवताना मला ऐकवलं. पिठलं थंड झालं.

"कार्बन फायबर आहे. वजन दीड किलो आणि पेलतो पंचवीस किलो. खोक्यावरच लिहिलंय."

ज्याने जन्मात कधी वाऱ्यात उभं राहून पाहिलं नव्हतं, त्याने वाऱ्यात उभी करायची वस्तू खुर्चीत बसून निवडली होती. वर्गात अशी मुलं असायची. उत्तर पाठ, गणित चूक.

"ह्यो बगळा हाय का काय?" कुंपणापलीकडून आवाज आला.

कोंडाजी. माझा शेजारी. एका सरकारी खात्याच्या मोजणीच्या तुकडीवर एकतीस वर्षं खलाशी होता. म्हणजे साहेबाची दुर्बीण खांद्यावरून डोंगरावर न्यायची, तिवई रोवायची, आणि साहेब डोळा लावतील तेव्हा समोरच्या डोंगरावर आकड्यांची उंच पट्टी धरून उभं राहायचं.

"काय म्हणालात काका?" अमोघने विचारलं.

"पाय बगा की त्याचं. आन् मदली नळी कशापायी वर काडलीया? तीन पाय दिलेत देवानं, त्यो चौथा कुटनं आनला?"

"काका, हे प्रोफेशनल गिअर आहे. पंचवीस किलो पेलतं."

"पेलणं येगळं आन् थिर ऱ्हाणं येगळं, सायेब." कोंडाजीने तंबाखूची चिमूट दाढेखाली सोडली. "आमची म्हसबी मला पाठीवर पेलती. म्हणून तिच्यावर बसून लिवता येतंय का?"

अमोघ माझ्याकडे बघून हसला. शहरातला माणूस खेड्यातल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावरून दुसऱ्या शहाण्याकडे बघून हसतो, तसं. मी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पठाराच्या कड्यावर जे व्हायचं तेच झालं. दरीच्या तोंडाशी ऐनाचं वाळलेलं झाड आहे, ससाणा त्याच्या शेंड्यावर येऊन बसतो. आला, बसला. अमोघने तासाभरात दोनशे फोटो काढले आणि एकूणएक हलले. खालून वारा आला की ट्रायपॉड ज्वर चढल्यासारखा थरथरायचा. शेवटी एका झोताबरोबर त्याचा एक पाय उचलला आणि लेन्स दरीकडे निघाली.

ती कोंडाजीने धरली. तो आपला वाट दाखवायला म्हणून आला होता आणि त्या पायाकडेच बघत उभा होता. दोन्ही हातांनी, शेजारणीचं पोर धरावं तशी त्याने ती छातीशी धरली. घरी येईपर्यंत त्याच्या तोंडून एक इंग्रजी शब्द निघाला नाही. त्या मुलाच्या सहवासातला तेवढाच काळ मला सुखाचा गेला.

संध्याकाळी तो स्वतःहून कोंडाजीच्या अंगणात गेला. तिथे कोंडाजीची तिवई उभी असते. सागवानी, पायांना लोखंडी टोकं, हात लावून गुळगुळीत झालेली. खात्यात नवी यंत्रं आली तेव्हा ही भंगारात निघाली, ती त्याने जळणाच्या भावात उचलून आणली. ओळंबा अडकवायच्या आकड्याला धोंडाबाई, म्हणजे त्याची बायको, पाण्याची भरलेली घागर टांगते. घागरीचं बूड जमिनीला जेमतेम टेकलेलं असतं.

"अशी का टेकवलीय?" अमोघने विचारलं.

"लोंबती ठेवली तर झोकं घील आन् तिवईला बी हालवंल. टेकली की गप ऱ्हाती. उतारावर दोन पाय खाली, एक वर. टोकावर पाय देऊन दाबायचं. झालं." कोंडाजीने आपली एकतीस वर्षांची विद्या चार वाक्यांत उरकली. "आन् त्यो गोळा काडून टाका. जड वस्तू गोळ्यावर ठेवत्यात व्हय? तिला पाळण्यात घालावं. मदोमद टांगली की बोटानं हलती आन् सोडली की तितंच ऱ्हाती."

"गिंबल हेड!" अमोघ ओरडला. "माझ्या तक्त्यात होतं ते! काका, ही तिवई मला एका दिवसासाठी द्याल?"

"आन् माजी घागर?" धोंडाबाई दारातून म्हणाली.

"घागर एक दिस भुईवर बसंल," कोंडाजी म्हणाला. "देतो. पर मला त्यातनं एकडाव बगू द्यायचं."

"कशातून?"

"तुमच्या त्या नळकांड्यातनं."

मग त्याने जे सांगितलं ते इतक्या वर्षांत मलाही ठाऊक नव्हतं. त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसे. कोंडाजी समोरच्या डोंगराच्या सोंडेवर पट्टी धरून उभा राहिला की साहेब हसायचे, कोंडाजी, आज पुन्हा डोक्यावर उभा राहिलास. दुर्बिणीला डोळा मात्र त्याला कधी कुणी लावू दिला नाही. हात लावू नको, हलेल, म्हणायचे.

"इकतीस वर्सं मी दुसऱ्याच्या डोळ्यात उलटा लटाकलोय," तो म्हणाला. "तितं उभं ऱ्हायलेलं मानूस हितनं कसं दिसतं, येवढं बगायचंय. सुलटं."

"एवढंच? काका, डन! दिवसभर बघा!"

एवढंच, असं म्हणाला तो. मी ऐकलं आहे.

पंधरा दिवसांनी तो पाळण्यासारखं हेड घेऊन आला. ते त्या जुन्या तिवईवर बसावं म्हणून पिरंगुटच्या एका लेथवाल्याकडून पितळी आट्यांचा जोड कातून आणला होता. आदल्या संध्याकाळी कोंडाजीने ट्रंकेतून खात्याचं लाल निशाण काढलं आणि धोंडाबाईला दिलं.

"सोंडेवर जुना दगूड हाय, त्याच्यापशी उभी ऱ्हा. निशाण डोईच्या वर धर. मी दोनी हात वर करून खाली सोडलं की समजायचं, काम झालं, उतर."

"ह्या वयात मला मोजायला निगाला," धोंडाबाई मला म्हणाली. पण सकाळी हिरवं ठेवणीतलं लुगडं नेसली.

मी चहाचा थर्मास घेऊन कड्यावर गेले. दोन पाय उताराकडे, एक वर, घागर टेकलेली. कोंडाजीने टोकांवर एकेक करून पाय दिला, तळवा ठेवून पाहिला आणि बाजूला झाला. लेन्स त्या पाळण्यात बोटाने फिरत होती आणि सोडाल तिथे थांबत होती. वारा होता. ती तिवई हलली नाही.

पलीकडे, वाळून पिवळ्या पडलेल्या सोंडेवर, हिरवा ठिपका चढून आला. त्याच्यावर लाल ठिपका उभा राहिला.

"आली," कोंडाजी म्हणाला. त्याने डोक्याचं मुंडासं काढून काखेत धरलं, डोळा लावताना आड येऊ नये म्हणून.

आणि त्याच क्षणी ससाणा ऐनावर उतरला.

"एक मिनिट काका," अमोघ म्हणाला.

त्या मिनिटाची दहा मिनिटं झाली. दहाची वीस. पक्षी पंख पसरी, मान वळवी, चोच घाशी, आणि कॅमेरा नुसता कडकडत होता. ऊन चढलं. सोंडेवर सावलीला एक काडी नाही.

"अमोघ, त्यांना एकदा बघू दे की," मी म्हटलं.

"काकू, प्लीज! व्हायब्रेशन येईल. काका, तुम्ही तरी हलू नका. हात लावू नका."

कोंडाजीने पुढे आलेला हात मागे घेतला.

पाऊण तासाने ससाणा उडाला. अमोघने आरोळी ठोकली, स्क्रीनवर फोटो बघून स्वतःच स्वतःची पाठ थोपटली, आणि बोलता बोलता कॅमेरा काढून बॅगेत घातला. लेन्सला टोपण लावलं. "काय शार्प आलंय! जुईलीला पाठवतो आधी. रेंज खालीच मिळेल ना?" जुईली ही त्याची बायको. मग त्याला आठवलं. "अरे, काका, तुमचं राहिलंच! नेक्स्ट टाइम नक्की, हां? आता लाइटही हार्श झालाय."

कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी उभा असतो. बुवा चुकले तर तो सावरतो, बुवा थांबले तर तो धरून ठेवतो, आणि हार बुवांच्या गळ्यात पडतो. पण बुवा निदान तो हार काढून टाळकऱ्याच्या गळ्यात घालतात. इथे तेवढंही सौजन्य नव्हतं. त्या मुलाने तीन महिने सगळं तपासलं होतं, स्वतःला सोडून.

कोंडाजीने मुंडासं पुन्हा बांधलं. कड्याच्या टोकाशी गेला, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि सरळ खाली सोडले. पलीकडे लाल ठिपका खाली आला आणि हिरवा ठिपका उतरू लागला.

धोंडाबाई दुपारी घामाघूम होऊन अंगणात आली. "दिसले का?"

"दिसलीस," कोंडाजी म्हणाला.

"बेस दिसले?"

"लई बेस."

मी माझ्या घरात आले आणि देवासमोर बसले. जप करायचा होता. झाला नाही.

डिसेंबरात अमोघ पुन्हा आला, त्याच्या कंपनीचं कॅलेंडर घेऊन. एप्रिलच्या पानावर त्याचा ससाणा. फोटोला बक्षीस मिळालं होतं. खाली बारीक अक्षरांत कॅमेरा, लेन्स, हेड, सगळ्यांची नावं. शेवटी लिहिलं होतं, तिवई, जुनी लाकडी.

"हे कोपऱ्यात बघा काकू," तो म्हणाला. पक्ष्याच्या मागे, पिवळ्या धुरकटात एक हिरवा डाग होता, वर लाल टिकली. "कुठलंतरी फुललेलं झुडूप मध्ये आलंय. काढणार होतो, पण जुईली म्हणाली राहू दे, रंग छान दिसतो. तो लाकडी ट्रायपॉडवाला काका बरा आहे ना? सांगा त्याला."

माझ्या दारापासून कोंडाजीच्या दारापर्यंत तेवीस पावलं आहेत. ती चालायला अमोघला वेळ नव्हता.

मी चालले. कोंडाजीने कॅलेंडर उन्हात धरलं. ससाण्यावरून त्याची नजर मुक्कामही न करता पुढे गेली. मग त्याने बोट ठेवलं.

"धोंडे, हिकडं ये."

ती पदराला हात पुसत आली.

"लाल वर हाय," तो म्हणाला. "हिरवं खाली. सुलटी हायेस."

धोंडाबाईने डागाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "त्या दिशी दिसले म्हनला व्हता की."

"तवाबी अशीच व्हतीस."

"लबाड," ती म्हणाली, आणि आत जाऊन खिळा शोधू लागली.

तर एवढंच आख्यान. तुमच्यापैकी कुणी कधी जड लेन्ससाठी तिवई घ्यायला दुकानात गेलात, तर खोक्यावरचा आकडा वाचण्याआधी कोंडाजीची आठवण काढा. आणि ते कॅलेंडर कुठे भिंतीवर दिसलं, तर ससाण्याकडे खुशाल बघा, पण कोपऱ्यातल्या डागाला झुडूप म्हणू नका. ती धोंडाबाई आहे. ठेवणीतलं लुगडं नेसून उन्हात उभी आहे, आणि त्या चित्रात तिला अजून कुणी उतर म्हटलेलं नाही.