पालथ्या दगडांवरची पाणसळ

मित्रांनो, आधी माझी गोष्ट ऐका, मग मला हातात घ्यायचे की नाही ते ठरवा. मी एक पाणसळ आहे, जुनी आणि एका कडेला खपली उडालेली. हातभर लाकडी पट्टी, तिच्यात बसवलेली काचेची नळी आणि नळीत एक बुडबुडा. गवंडी मला दगडावर आडवी ठेवतात. बुडबुडा मधोमध थांबला की दगड सपाट बसला. मला एवढेच कळते. पूर्वी मला वाटायचे, एवढे कळले की पुष्कळ झाले.

विटेब्स्क शहरातल्या एका कारखान्यात मी तयार झाले आणि पिंखस दोल्गिन नावाच्या विद्यार्थ्याने मला विकत घेतले. तो इंजिनिअर व्हायला निघाला होता. सोझ नदीकाठच्या स्तारी ब्रोद गावातल्या बोरुख शिंप्याचा हा धाकटा. सुट्टीत घरी गेल्यावर त्याने मला पहिल्यांदा ठेवले ते आईच्या जेवणाच्या टेबलावर. बुडबुडा पळाला तो थेट टोकाला.

"बघ आई, टेबल वाकडं आहे आपलं."

"वीस वर्षं ह्याच टेबलावर जेवतोयस, कधी सूप सांडलं नाही तुझं," आई म्हणाली. "उचल ती काठी. हात धुऊन ये, माशाचे गोळे निवतायत."

मग युद्ध आले. पिंखस सैन्याच्या पूल बांधणाऱ्या तुकडीत गेला आणि पुढे कॅप्टन झाला. शत्रूने उडवलेले पूल आम्ही पुन्हा उभे करत असू. माणसे छातीभर थंडगार पाण्यात उभी राहून खांब ठोकत, वरून तोफगोळे येत, आणि पिंखस मला तुळईवर ठेवून ओरडे, "डावीकडे दोन बोटं वर घ्या!" एकदा लोखंडाची कपची लागून माझी कड उडाली. दुसऱ्या दिवशी त्याच पुलावरून सारे रणगाडे पार झाले, तेव्हा त्याने मला बाहीने पुसले आणि म्हणाला, "शाब्बास गं, म्हातारे." मी केवढी हुरळून गेले! तुकडीतले जवान मला नशीबवान समजत. मीही स्वतःला तसेच समजू लागले.

युद्ध संपले आणि छातीवर दोन पदके लावून पिंखस गावी परतला. शिंप्याच्या घरात दुसरेच लोक राहत होते. त्यांनी दार पुरते उघडलेसुद्धा नाही. समोरच्या बाईने वीटभट्टीपलीकडच्या खंदकाकडे नुसते बोट केले. गावातल्या ज्यू लोकांना तिथे नेऊन मारले होते, त्याच्या आईवडिलांनाही. पिंखस खंदकाकडे गेला नाही. तो तडक नगर समितीच्या कचेरीत गेला आणि म्हणाला, "मला काम द्या."

कामाला तोटा नव्हता. अर्धे गाव जळून गेले होते. त्याने पूल बांधला, शाळेवर छप्पर चढवले, पावाची भट्टी उभी केली. हातात काम नसले की तो अस्वस्थ होई, म्हणून तो ते हातातून सुटूच देत नसे. लोक त्याचे कौतुक करत आणि त्यातले थोडे मी माझ्याकडे ठेवून घेई.

दुसऱ्या वर्षी नदीवर घाट बांधायचे निघाले. काठ ढासळत चालला होता आणि वरचा दवाखाना धोक्यात आला होता. हिवाळ्याआधी काम पुरे करायचे होते. पण दगड कुठून आणायचा? समितीचा अध्यक्ष राबिक म्हणाला, "टेकडीवर तुमचं ज्यूंचं जुनं कब्रस्तान आहे. एकेक शिळा बघा कशी आहे! आता तिथं येणारं कोण उरलंय?"

पिंखसने राबिकचा कागद पुढे ओढला. मला वाटले, आता हा उसळेल. त्याने सही केली.

दगड उतरवायला त्सिखान नावाचा म्हातारा गवंडी होता. तो ज्यू नव्हता, पण पहिल्याच गाडीपाशी त्याचे हात थांबले. "कॅप्टन, ही तुमचीच माणसं ना?"

"दवाखाना नदीत गेला तर चालेल का तुला?" पिंखस खेकसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "अक्षरं खाली करून बसव. कुणाचा पाय त्यांच्यावर पडायला नको."

त्याला वाटले, आपण मान राखला. मलाही तसेच वाटले. पायऱ्या एकसारख्या याव्यात म्हणून प्रत्येक शिळा एकाच मापावर तोडली गेली आणि खालचे तुकडे भरावात गेले. मग एकेका पालथ्या दगडावर मला ठेवण्यात आले. माझा बुडबुडा दर वेळी मधोमध उभा राही. पिंखस म्हणे, "बरोब्बर." आणि सांगायला लाज वाटते मित्रांनो, मी खूश होई.

घाट पुरा झाला. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होते. भर दुपारी पिंखस शेवटची पायरी तपासत होता आणि एक म्हातारी वरून उतरत आली. डोक्याला रुमाल, पायात पुरुषी बूट. ती फ्रुमा, लेइझर डबेवाल्याची विधवा. लेइझर पत्र्याचे डबे करायचा आणि युद्धाच्या आधीच आजाराने गेला होता. फ्रुमा युद्धात पूर्वेकडे पळाली म्हणून वाचली होती आणि आत्ता कुठे परतली होती. ज्यू लोक शरदात येणाऱ्या त्यांच्या नव्या वर्षाआधीच्या महिन्यात आपल्या मेलेल्यांना भेटायला जातात. तीही सकाळी टेकडीवर जाऊन आली होती. तिथे तिला नुसते खड्डे दिसले; दगड घाटात गेल्याचे गावात कळले.

"बोरुख शिंप्याचा पिंखस ना रे तू?"

"हो, मावशी."

"केवढा झालास! बिल्ले काय, टोपी काय. तुझ्या आईनं गावभर हिंडवलं असतं तुला." तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिले. "माझा लेइझर कुठाय?"

"मावशी, काठ ढासळत होता. दवाखान्यासाठी..."

"दवाखाना नाही विचारला मी. लेइझर कितव्या पायरीत आहे ते सांग."

पिंखसला तोंड वर करवेना. "अक्षरं खाली आहेत, मावशी. कुणी नावावर पाय देऊ नये म्हणून तशी ठेवली."

"वा रे वा! मेलेल्यांना पालथं निजवलंस आणि वर मान राखला म्हणतोस?" तिचा आवाज चिरकला. "माझ्या दोन्ही पोरांना कबर नाही, पिंखस. ती वीटभट्टीमागच्या खंदकात आहेत. ह्याला होती. मला जाऊन बसायला तेवढी एकच जागा होती रे."

पिंखसने मला गवतावर ठेवले आणि पहार उचलली. त्सिखान काही न विचारता दुसऱ्या बाजूने लागला. राबिक धावत आला, "उद्या उद्घाटन आहे! डोकं फिरलं का तुझं?" पिंखसने त्याच्याकडे पाहिलेही नाही.

पहिला दगड उलटला. फ्रुमा खाली बसली, रुमालाच्या टोकाने माती पुसून बोटाने वाचू लागली. 'येथे विसावला आहे एक सरळ, देवभीरू माणूस.' त्याच्या खाली तुटलेली कड. दुसरा उलटला. सरळ, देवभीरू माणूस आणि तुटलेली कड. तिसरा तसाच. शिळेवर आधी गुण लिहायचे आणि नाव त्याच्या खाली, अशी त्यांची रीत. आमच्या मापात गुण तेवढे बसले होते. नावे भरावात होती.

अकराव्या दगडाशी फ्रुमाने हात वर केला. "पुरे."

"मावशी, सगळे उलटतो. भराव उपसतो."

"आणि चुऱ्यात काय वाचणार मी? गुणांवरून तर तो सापडायचा नाहीच. माझा लेइझर कसला सरळ! डब्यांचे सांधे डाक देऊन जोडताना कथील चोरायचा. पण दगडावर सगळेच सरळ होतात." ती हसली आणि हसता हसताच रडू लागली. मग नाक पुसून म्हणाली, "कद्दिश म्हण."

कद्दिश म्हणजे त्यांची मृतांसाठीची प्रार्थना. "दहा पुरुष लागतात, मावशी," पिंखस म्हणाला. "गावात आपले सहाच उरलेत."

"जमिनीवरचेच कशाला मोजतोस? हे आहेत ना सगळे."

त्याला शब्द येत नव्हते. फ्रुमा एकेक ओळ सांगत गेली आणि तो मागून म्हणत गेला, भर दुपारी, राबिकसमोर, घसा फुटेपर्यंत. त्सिखानने टोपी काढून छातीशी धरली होती.

पुढचे थोडक्यात सांगते. ते अकरा दगड त्सिखानने आपल्या गाडीतून टेकडीवर परत नेले. बाकीच्यांना हात लावायचा नाही असा हुकूम आला आणि रिकाम्या जागी फळ्या ठोकल्या गेल्या. पिंखसची नोकरी गेली. दूरच्या दुसऱ्या गावात त्याने साधा गवंडी म्हणून भिंती बांधल्या. दगड हातात आला की तो आधी उलटून पाही. सोबतचे त्याला हसत. मला मात्र त्याने पुन्हा कधी बाहेर काढले नाही. त्याच्या खणात मी म्हातारी झाले. त्याचा राग मला येत नाही.

मी खोटे बोलले नव्हते, मित्रांनो. दगड खरोखरच सपाट होते. त्यांच्याखाली काय आहे हे विचारायची मला कधी गरज वाटली नाही, हा माझा गुन्हा. तुमच्या हातात कधी माझ्यासारखी एखादी वस्तू आली आणि तिने सगळे ठीक आहे म्हटले, तर तेवढ्यावर विसंबू नका. वाकून बघा.

स्तारी ब्रोदचा घाट अजून आहे. लोक बादल्या घेऊन, लेकरे कडेवर घेऊन उतरतात आणि म्हणतात, काय सुरेख पायऱ्या बसवल्यात! इतक्या वर्षांत तिथे एकाचाही पाय अडखळलेला नाही. तो अडखळायला हवा होता.