दात काढलेला ससा

मी एक जुना ससा आहे, मित्रांनो. पण पाला कुरतडणारा नव्हे. मी फणसाच्या लाकडाचा आहे, ठेंगण्या पायांचा, आणि माझ्या तोंडातून लोखंडी दात पुढे आलेले होते. होते म्हणतो, कारण आता ते नाहीत. तुमच्या घरात विळीच्या टोकाला खवणी असते ना, तिचा मी दूरचा भाऊ. आमच्या थायलंडात बाई सशाच्या पाठीवर बसते, नारळाची वाटी त्याच्या दातांवर धरते आणि खवते. इथे खवणीला ससाच म्हणतात, तिला कान असोत वा नसोत. मला कान आहेत. या कानांनी जे ऐकलं ते सांगणार आहे, आणि ते ऐकायला गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

अंफवाच्या कालव्यावर होड्या बांधणारा एक सुतार होता. लग्न ठरलं तेव्हा त्याने नवरीसाठी मला कोरलं. नवरीचं नाव प्रयोंग. ती माझ्या पाठीवर पहिल्यांदा बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "कान केवढे केलेत. हा ससा आहे की गाढव?"

"तू बोलत सुटशील तेव्हा ऐकायला कोणीतरी नको का घरात?" तो म्हणाला.

मी ऐकत राहिलो. नवरा लवकर गेला, दोन मुली मागे ठेवून. थोरली लमियत, धाकटी उबोन. कालव्याच्या दोन्ही काठांना नारळाच्या बागा, त्यामुळे आमच्या घरात एक वेळ मीठ संपलं असेल, नारळ नाही. प्रयोंग खवायची, पुढे लमियत खवायला लागली. आई चुलीशी पाठमोरी बसून नुसत्या आवाजावरून ओळखायची.

"लमियत, करवंटी खरवडतेस. तपकिरी भुगा पडतोय."

"तू बघितलंस तरी का?"

"बघायचंय कशाला? ससा कुरकुरतोय."

खोबरं कोमट पाण्यात कुस्करून पिळलं की पहिलं दूध निघतं, दाट आणि जड. ते प्रयोंग बाजूला झाकून ठेवी. दुसऱ्या पिळण्याच्या पातळ दुधात रस्सा शिजायचा, आणि दाट दूध अगदी शेवटी वरून पडायचं. घाई केली की ते फुटतं. आमच्या घरात घाई करायची सोय नव्हती.

संध्याकाळी कालव्यावरच्या लाकडी ओट्यावर चटई पसरायची. मधे भाताचं पातेलं, भोवती एक रस्सा, एक मिरचीचा ठेचा, उकडलेल्या भाज्या, तळलेला मासा. ताट भरून वाढून घ्यायची पद्धत आमच्याकडे नाही. मधल्या वाडग्यातून एखादा चमचा रस्सा आपल्या भातावर घ्यायचा, तो संपवायचा, मग पुन्हा हात पुढे करायचा. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा, आणि काटा फक्त भात चमच्यावर ढकलण्यापुरता. उबोनने लहानपणी एकदा माशाचा अर्धा भाग एकदम आपल्या भातावर घेतला. प्रयोंग रागावली नाही. तिने आपला चमचा खाली ठेवला आणि उबोनकडे बघत राहिली. पोरीने मासा गुपचूप परत ठेवला. माणूस घासात दुसऱ्यासाठी काय ठेवतं, त्यावरून त्याची परीक्षा होते, असं त्या घरात कोणी शिकवलं नाही, पण कळायचं सगळ्यांना.

होडीतून जाणारा कोणीही विचारायचा, "जेवण झालं का?" आणि प्रयोंग म्हणायची, "या, आहे अजून." कित्येकदा नसायचं. मग लमियत मला ओढून पुन्हा नारळ घ्यायची.

औषधांचं कपाट आमच्याकडे नव्हतं. पोट धरलं की गवती चहाचा आणि कुळिंजनाचा, म्हणजे आल्याच्या जातीच्या मुळाचा, आंबट कढ. सर्दी झाली की त्यातच मिरच्या वाढवायच्या. आणि झोप येईना, पोट साफ होईना, की काशिदाचा पाला. तुमच्याकडे काशिद रस्त्याच्या कडेला सावलीला लावतात आणि त्याच्या पिवळ्या फुलांकडे बघून पुढे जातात. आम्ही त्याचा कोवळा पाला खातो. तो कडू जहर असतो. दोनदा उकळून पाणी फेकून द्यायचं, मग वाटलेला मसाला, भाजलेला मासा आणि भरपूर नारळाचं दूध. तरीही थोडा कडवटपणा मागे राहतो, आणि तो राहावाच लागतो. प्रयोंगला या रश्श्यापुढे दुसरं काही सुचायचं नाही.

आता कडू भाग येतो, मित्रांनो.

उबोन बँकॉकला गेली, शिकली, आणि तिने तिथे खाणावळ काढली. खाणावळ म्हटलेलं तिला आवडत नाही. मोठ्या काचा, पांढऱ्या भिंती, आणि दारात पाटी, "आईच्या हातचं आरोग्य". आईच्या सगळ्या रश्श्यांना तिने गुण चिकटवले. गवती चहा पचनाला, कुळिंजन वाताला, नारळाचं दूध तर सगळ्यालाच. आईला फोनवर ती हे वाचून दाखवायची, आणि प्रयोंग हसून म्हणायची, "एवढं सगळं मी तुम्हाला खाऊ घातलं? मला वाटलं नुसती भूक भागवत होते."

मग प्रयोंगला झटका आला. एक हात लुळा पडला. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं आणि उबोनने ते स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं. नारळाचं दूध बंद. लमियतला तिने बजावलं, "ताई, तुझं मन मऊ आहे. आई मागेल आणि तू देशील. एक चमचासुद्धा नाही."

"कधीतरी एकदा दिला तर?"

"मला आई अजून बरीच वर्षं हवी आहे. तुला नको का?"

लमियतने मला उचललं. मी चुलीमागे कोपऱ्यात गेलो. माझ्या दातांवर गंज चढला. उबोन वाईट नव्हती. आईवर तिचा जीव होता, हे मी माझ्या लाकडी छातीवर हात ठेवून सांगेन. पण शहरात ती ज्या दुधाचे गुण गात होती, तेच तिने आईच्या घरात कुलपात टाकलं होतं, आणि यात काही विसंगत आहे असं तिला एकदाही वाटलं नाही.

प्रयोंग खाटेवरून खिडकीबाहेरच्या काशिदाकडे बघायची. "लमियत, पाला कोवळा आलाय."

"हो आई."

"दोन झुबके काढलेस तरी पुरे."

एकदा लमियतने काढले. नारळाऐवजी उबोनने पाठवलेलं सोयाबीनचं पातळ दूध घातलं. आईच्या भातावर स्वतःच्या हाताने चमचाभर रस्सा वाढला. प्रयोंगने एक घास घेतला. हळूच चमचा ताटात आडवा ठेवला आणि म्हणाली, "छान झालंय." आमच्यात रांधणाऱ्याच्या तोंडावर जेवणाला नावं ठेवत नाहीत. पण तिने दुसरा घास घेतला नाही. लमियत त्या रात्री उशिरापर्यंत भांडी घासत बसली, घासून झालेली सुद्धा.

उन्हाळा संपायच्या आत प्रयोंग गेली. तो रस्सा तिला मिळाला नाही.

पण आमच्याकडे माणूस जातं तेव्हा लगेच दूर जात नाही. शंभराव्या दिवशी विहारात भिक्खूंना जेवण द्यायचं, आणि गेलेल्याला जे आवडायचं तेच द्यायचं, म्हणजे ते त्याला पोचतं. त्या दिवशी आपलं माणूस शेवटचं जेवून पुढच्या वाटेला लागतं, असं आमच्या कालव्यावरच्या बायका मानतात. लमियत तर डोळे मिटून मानायची. तिने मला कोपऱ्यातून बाहेर काढलं, दात चिंचेने घासून लखलखीत केले आणि माझ्या कानाशी पुटपुटली, "या वेळी देऊ आपण तिला."

शंभराव्या दिवशी सकाळी तिने पाला दोनदा उकळून ठेवला, मासा भाजला, मसाला वाटला. नारळ फोडून माझ्या पाठीवर बसते न बसते तोच दारात गाडी थांबली. उबोन उतरली. मागच्या सीटवर तिच्या खाणावळीतले जेवणाचे मोठे डबे होते आणि पुढे एक कॅमेरावाला.

"ताई, थांब. अशीच बस. नाही, हा फाटका सदरा नको. आईचा निळा सारोंग नेस."

"आत्ता? रस्सा व्हायचाय अजून."

"पाच मिनिटं. लोकांना दिसू दे की आपल्याकडे अजून असं करतात."

भिक्खू दुपारी बारानंतर काही खात नाहीत. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उबोनलाही ठाऊक होतं.

लमियत सारोंग नेसून आली. कॅमेरावाल्याला माझे दात उन्हात चमकताना हवे होते, म्हणून मला ओट्यावर नेलं. मग त्याला खोबरं सावकाश पडताना हवं होतं. मग लमियतने हसायला हवं होतं. मग पहिलं दूध उंचावरून वाडग्यात पडताना हवं होतं, आणि ते त्याच्या मनासारखं पडेना. पुन्हा ओता, पुन्हा ओता. निम्मं दूध फळ्यांवर सांडलं आणि फटींतून कालव्यात गेलं. पाण्यावर पांढरे डाग तरंगत निघाले.

"उबोन, अकरा वाजून गेले गं."

"भिक्खू काय पळून चाललेत?"

"पळत नाहीत. पण बारानंतर हातही लावत नाहीत."

"मी आणलंय ना ताई सगळं. काशिदाचा रस्सासुद्धा. आईचीच कृती आहे."

"दूध कुठलं?"

उबोनने कॅमेरावाल्याकडे बघितलं. "ताई, प्रत्येक गोष्टीला फाटे फोडू नकोस. दूध ते दूध."

खोक्यातलं होतं. मला तिच्या डब्याच्या झाकणाकडूनच वास आला होता.

उबोन डबे घेऊन विहारात पुढे गेली. लमियत नवीन नारळ घेऊन माझ्या पाठीवर बसली. इतक्या वर्षांत तिला मी इतक्या जोरात खवताना पाहिलं नव्हतं. करवंटी खरवडली जात होती, तपकिरी भुगा पडत होता, आणि टोकायला मागे कोणी नव्हतं. दूध पिळलं, रस्सा उकळला, शेवटचं दाट दूध घातलं आणि पातेलं कापडात बांधून ती कालव्याच्या कडेने धावली. घोट्यापर्यंत घट्ट गुंडाळलेल्या सारोंगमध्ये धड धावताही येत नाही.

पुढचं मला तिच्या बोलण्यातून कळलं. ती पोचली तेव्हा ताटं उचलली गेली होती आणि भिक्खू आशीर्वाद म्हणत होते. उबोन डोळे पुसत भांड्यातलं पाणी थेंबथेंब ओतत होती, पुण्य आईकडे पाठवत होती. तिचे अश्रू खरे होते. मोठ्या भिक्खूंनी लमियतचं पातेलं पाहिलं. ते तिला लहानपणापासून ओळखत होते.

"पोरी, उद्या सकाळी माझी भिक्षेची होडी येईल. तेव्हा दे. पुण्य पोचतंच."

"उद्या ती नसेल," लमियत म्हणाली. "आज जेवून गेली ती."

ती घरी आली आणि ओट्यावर एकटी बसली. एकट्याने जेवणं आमच्यात कोणाला रुचत नाही. तिने पातेल्यातला रस्सा चमच्या-चमच्याने घेतला नाही. सगळा एकदम भातावर ओतला. दुसऱ्यासाठी मागे ठेवायला कोणी नव्हतंच.

त्याच दुपारी उबोन मला गाडीत घालून घेऊन गेली.

आता मी तिच्या खाणावळीत दारापाशी असतो. दिवा माझ्यावर सोडलेला असतो. पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या मुलाचं बोट माझ्या दाताला लागलं, म्हणून पक्कडीने दात काढून टाकले. लोक माझ्या पाठीवर बसून फोटो काढतात. माझ्या वर भिंतीवर लमियत हसताना दिसते, निळ्या सारोंगात, आणि खाली लिहिलंय की इथे दूध रोज ताजं निघतं. भिंतीपलीकडून दिवसभर कात्रीने खोकी कापल्याचा आवाज येतो. माझे कान अजून शाबूत आहेत, हेच वाईट.

गेल्या महिन्यात लमियत आली. उबोनने आग्रह करून बोलावलं होतं. लमियत आधी माझ्यापाशी वाकली आणि दात होते तिथे बोट फिरवलं. मग बहिणीला म्हणाली, "ससा मला परत देशील का?"

"दात नसलेला ससा घेऊन काय करशील?"

"नवे बसवून घेईन."

उबोन हसली, प्रेमाने हसली. "ताई, तुझ्याकडे आता खाणारं आहे कोण?"

तिने लमियतला खिडकीपाशी बसवलं आणि काशिदाचा रस्सा मागवला. आदर म्हणून स्वतःच्या हाताने ताईच्या भातावर चमचाभर वाढला. "खा. आईच्या हातचा आहे की नाही सांग."

लमियतने एक घास घेतला. हळूच चमचा ताटात आडवा ठेवला.

"छान झालंय," ती म्हणाली.

उबोन खूश झाली. तिने दुसरा चमचा वाढला, आणि मग गिऱ्हाइकं आली म्हणून उठून गेली. तो चमचा भातावर तसाच राहिला.

मित्रांनो, माझे दात परत मिळावेत म्हणून मी हे सांगत नाही. तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस खिडकीतल्या झाडाकडे बघून काही खायला मागत असेल, तर पथ्य जरूर पाळा, पण एक चमचा त्याला द्या. आज द्या. नंतर आम्हाला कितीही घासून लखलखीत केलंत, तरी तो चमचा तुमच्या हातातच राहतो.