शेवटचं ताट

रत्नमाला रामटेकेचा आवाज अड्याळपासून पवनीपर्यंत सगळे ओळखत. चेहरा मात्र फार थोड्यांना ठाऊक होता. दिवाळी आटोपली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, नाटकांचा हंगाम सुरू होतो, आणि भोंगा बांधलेल्या रिक्षातून जी घोषणा गल्लीगल्लीत फिरते, ती या भागात बहुतेक वेळा रत्नमालाचीच असायची. लिहायचीही तीच आणि बोलायचीही तीच. अड्याळच्या बाजारात तिचं रेकॉर्डिंगचं एका खोलीचं दुकान होतं. "सवतीचा सूड, आईचा आक्रोश!" असं काहीतरी ती अशा सुरात म्हणायची की धान कापणाऱ्या बाया विळा खाली ठेवून ऐकत राहायच्या. नाटक कसंही निघो, पहिल्या दिवशीची गर्दी रत्नमालाच्या नावावर लिहायला हरकत नव्हती.

त्या वर्षी ऐन हंगामात तिच्या सासरच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सरपंच थेट लोकांनी निवडायचा होता आणि जागा खुली होती. तिचे सासरे, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार धनीराम रामटेके, यांनी अर्ज भरला. गावच्या तलावाची पाळ दोन पावसाळे फुटत होती आणि ग्रामपंचायत ठराव करून झोपी जात होती. दुसऱ्या पावसाळ्यात धनीरामांनी चार माणसं हाताशी धरून स्वतः मातीची पोती रचली, तेव्हा खालच्या बांध्यांतलं धान वाचलं. त्यांनी उभं राहावं असं मग शेतकरीच म्हणू लागले. समोर गोपीचंद होता, धानाचा व्यापारी. मागचे दोन सरपंच त्याला विचारल्याशिवाय शिंकतही नव्हते.

खुल्या जागेवर बौद्धांचा माणूस उभा राहिला, यावर गावात कोणी तोंडावर काही बोललं नाही. तोंडावर बोलायचे दिवस गेले. आता एवढंच होतं की बौद्धांच्या घरी लग्न निघालं की गावातल्या काही माणसांना नेमका त्याच दिवशी उपास असतो. येतात, आहेर देतात, पोराबाळांची चौकशी करतात, सुपारी उचलतात आणि "आज उपास आहे बाप्पा" म्हणून पंगतीआधी उठतात. कुणब्यांच्या आळीतली म्हातारी सत्यभामाबाई या उपासवाल्यांची मुखत्यार म्हणावी अशी होती. बाई मनाची खोटी नव्हती. रत्नमालाच्या बाळंतपणात तिने घरचं तूप पाठवलं होतं. पण रत्नमालाच्या लग्नातही तिला उपास होता, आणि रत्नमाला ते विसरली नव्हती.

सासऱ्यांचा प्रचार करायचा म्हटल्यावर रत्नमालाच्या अंगात वारं शिरलं. आजवर परक्यांच्या नाटकांसाठी घसा कोरडा केला, आता घरचा माणूस होता, आणि तोही फौजेतला. मामाजी, म्हणजे सासरे, फौजेबद्दल फारसं बोलत नसत. तिला वाटायचं, मोठी माणसं आपल्या पराक्रमाबद्दल अशीच गप्प असतात. तिने त्यांना काही विचारलं नाही. एका बैठकीत मजकूर लिहिला, मागे नगारे लावले आणि आवाज चढवला. "येत आहे! येत आहे! छातीवर गोळ्या झेलणारा, शत्रूच्या उरात धडकी भरवणारा, आपल्या मातीतला ढाण्या वाघ, हवालदार धनीराम! विसरू नका, चुकवू नका! निशाणी छत्री!"

सकाळी रिक्षा गावात शिरली आणि दुपारपर्यंत घरी माणसं यायला लागली. रत्नमालाला आधी आनंद झाला. मग कळलं की ती नाटकाची चौकशी करायला आली आहेत. कंपनी वडशाची आहे काय, खुर्चीचं तिकीट कितीचं, सतरंजीवर बसलं तर चालते काय. एका म्हाताऱ्याने तर तिच्या सासूला, विमलाबाईंना, नटी कोण आहे ते विचारलं. लोकांचं तरी काय चुकलं? वर्षानुवर्षं तोच आवाज, तेच नगारे, तोच महिना. हवालदार धनीराम हे त्यांना नव्या नाटकाचं नाव वाटलं. संध्याकाळी गोपीचंदची माणसं पानठेल्यावर मोठमोठ्याने पहिल्या रांगेची जागा मागत होती आणि अख्खा चौक हसत होता.

धनीरामांनी ते ऐकलं. चपला घालून चौकात गेले, रिक्षा थांबवली, भोंग्याची वायर स्वतःच्या हाताने काढली आणि त्या हसणाऱ्या माणसांमधून ताठ चालत घरी आले. त्यांचा चेहरा बघून रत्नमालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पोरी, मले गोळी कवा लागली?" त्यांनी विचारलं.

तिने सांगितलं की प्रचारात थोडं वाढवून बोलावं लागतं, आणि तुम्ही फौजेत काय केलं हे तुम्ही कधी सांगितलंच नाही.

"लांगरी होतो मी. पलटनीचा स्वयंपाक करत होतो. बंदूक चालवाले शिकलो, पन नोकरी सारी चुलीपाशी केली."

रत्नमालाचा चेहरा पडला. तो तिला लपवता आला नाही आणि धनीरामांना तो दिसला. विमलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना हे लग्नापासून ठाऊक होतं. त्या शांतपणे म्हणाल्या की विचारलं असतं तर सांगितलं असतं, या घरात विचारलं कोणी?

तेव्हा रत्नमालाने विचारलं. धनीराम आधी तुटक बोलले, मग बोलतच राहिले. बर्फातल्या चौकीबद्दल बोलले. तिथे भात शिजता शिजत नाही, स्टोव्ह पेटवता पेटवता बोटं बधिर होतात. एकदा बर्फ कोसळून वाट बंद झाली आणि रसद आली नाही. होता तेवढा शिधा त्यांनी पुरवून पुरवून सगळ्यांना वाढला. स्वतःला उरलं नाही, तेव्हा पातेलं पाण्याने खंगाळून ते पाणी प्यायले. लांगरी सगळ्यांच्या मागून जेवतो, असा त्यांच्या चौकीचा रिवाज होता. जवान पहाऱ्यावरून उशिरा आला तरी त्याचं ताट आधी, मग लांगऱ्याचं.

"मंग तुमाले कोन वाढे?" रत्नमालाने विचारलं.

"लांगऱ्याले कोनी वाढत नसते. तो आपल्या हातानं घेते." ते हसले. मग हसू मावळलं. "माह्या बापाले या गावात पंगतीच्या बाहेर, गोठ्यापाशी वाढत. अन् फौजेत माह्या हातचं सारी पलटन जेवली. ठाकूर, बामन, सिख, मुसलमान, सारे. कोनाले उपास नव्हता."

 रत्नमालाला या माणसाचा असा काही अभिमान वाटला की मघाच्या आपल्या पडलेल्या तोंडाची तिला लाज वाटली. वाघ म्हणे! घरात एवढं मोठं माणूस बसलेलं असताना आपण कागदी वाघ रंगवत होतो. तिने तिथेच सांगितलं, मामाजी, मी हेच सांगणार.

तिचा नवरा विनोद घाबरला. त्याचं म्हणणं होतं, वाघ नको तर नको, पण लांगरीही नको. निवृत्त हवालदार म्हणावं आणि तलावाच्या पाळीचं बोलावं. आपल्या हातचं पाणी घ्यायला ज्यांना अजून उपास आठवतो, त्यांच्याच दारात जाऊन आपण स्वयंपाक करत होतो म्हणून सांगायचं? हातात आलेली मतंही जातील, आणि वर बापाचं हसं होईल ते आयुष्यभर पुरेल. विनोदचं काही खोटं नव्हतं. धनीरामही बराच वेळ अंगणातल्या धानाच्या पुंजण्याकडे, रचून ठेवलेल्या ढिगाकडे बघत बसले. एकदा भोंग्यावरून गेलेला शब्द परत घेता येत नाही, हे आज सकाळीच कळलं होतं.

"हारलो तं चालते," शेवटी ते म्हणाले. "पन हारलो तं मी हारलो पायजे. तो वाघ नोको."

रत्नमालाने नवा मजकूर लिहिला. या वेळी नगारे नव्हते. आवाज कसा ठेवायचा, हे मात्र तिला जमेना. तोंड माइकसमोर गेलं की सूर आपोआप नाटकाचा लागायचा. तिने पुन्हा पुन्हा पुसलं आणि पुन्हा पुन्हा म्हटलं. शेवटी विमलाबाईंना दुकानात समोर बसवलं आणि माइक विसरून त्यांना सांगावं तसं सांगितलं.

"मी रत्नमाला बोलून राहिली, धनीराम रामटेके यांची सून. माहे मामाजी फौजेत लांगरी होते. बरफात बसलेल्या जवानांले त्यांनी रांधून घातलं. ज्याच्या घरचा पोरगा आज फौजेत आहे, त्यानं मनात विचार करा, त्याले कोन जेवू घालत असन. सारे जेवल्याबिगर लांगरी जेवत नाही. मामाजी सारी नोकरी शेवटी जेवले. सरपंच झाले तरी शेवटीच जेवतीन. निशाणी छत्री."

रिक्षा फिरली. या वेळी कोणी तिकीट विचारायला आलं नाही. कोणी काहीच बोलेना, आणि ते हसण्यापेक्षा वाईट वाटत होतं. गोपीचंदच्या माणसांना मात्र चेव आला. आचारीच ठेवायचा तर लग्नात ठेवू, म्हणाले. एक जण आणखी हलक्या आवाजात म्हणाला, ठेवू, पण खाणार कोण? ते रत्नमालापर्यंत पोचायचं तसं पोचलं. ती दुसऱ्या दिवशी स्वतः रिक्षात जाऊन बसली. आवाज आपला आहे तर तोंडही दिसू दे, असं तिने ठरवलं.

कुणब्यांच्या आळीत सत्यभामाबाई रस्त्यात आडवी आली. तिने काठी उचलून रिक्षा थांबवली आणि पुन्हा लाव म्हणाली. रत्नमालाने लावलं. म्हातारीने डोळे बारीक करून शेवटपर्यंत ऐकलं, रत्नमालाच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवून घरात गेली. रत्नमालाने रिक्षा पुढे घ्यायला सांगितली.

मतदानाच्या आधी प्रचारातल्या पोरांनी सुचवलं की एवढं नाव झालंच आहे तर गावाला एकदा जेवू घालावं. धनीराम त्यांच्यावर असे कडाडले की विनोदने बापाचा हवालदारी आवाज जन्मात पहिल्यांदा ऐकला. मतासाठी आपण पळी उचलणार नाही, म्हणाले. मत पडल्यावर मात्र, हरलो तरी आणि जिंकलो तरी, गावासाठी रांधणार.

धनीराम जिंकले. फार मतांनी नाही, पण स्वच्छ जिंकले. विनोद गुलालात नाहून नाचला आणि सगळ्यांना सांगत सुटला की आपण तर आधीपासून हेच म्हणत होतो. रत्नमालाने त्याला म्हणू दिलं.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीसमोरच्या पटांगणात चुली मांडल्या. नव्या सरपंचाने कंबरेला पंचा गुंडाळला आणि कोणाला पातेल्याला हात लावू दिला नाही. भात, वरण, आलू-वांग्याची भाजी. वास सगळ्या गावभर गेला. ज्यांनी मत दिलं ती पोरं-माणसं भराभर बसली. बाकीची कडेकडेने उभी राहिली. कोणी मोबाइल बघत होतं, कोणाला अचानक धानाचं काम आठवलं होतं. उपासाचं नाव अजून कोणी काढलं नव्हतं, पण ते कोणाच्या तोंडून कधी निघतं याची रत्नमाला वाट बघत होती. मतं तर मिळाली होती. तिला आता मतांचं काही वाटत नव्हतं.

तेवढ्यात काठी टेकत सत्यभामाबाई आली. कडेच्या माणसांमधून सरळ पुढे गेली आणि पहिल्या पंगतीत मांडी घालून बसली.

"वाढ गा धनीराम," ती म्हणाली. "आज मले उपास नाही."

तिने भात कालवला आणि खाल्ला. मग कडेला उभ्या असलेल्यांकडे पाहून, तिथे पहाऱ्यावर आहात काय, असं विचारलं. मग एकेक जण बसत गेला. सगळे बसले असं नाही. काही जण कामाला गेले ते गेलेच. पण दुसरी पंगत उठली, तिसरी उठली, आणि सत्यभामाबाई हात धुऊनही जागची हलली नाही. रत्नमाला पाणी घेऊन गेली तेव्हा म्हातारीने तिला जवळ बसवून सांगितलं. रिक्षावरचं ऐकलं त्या दिवशी म्हातारीने घरच्यांना आपल्या फौजेतल्या नातवाला फोन लावायला सांगितला होता. तुले रांधून घालते तो कोन आहे, असं तिने त्याला विचारलं. नातवाने एक नाव सांगितलं आणि म्हणाला, आजी, तो ताप आला की माझ्यासाठी वेगळी खिचडी लावतो. तो कोणाचा, कुठला, हे नातवाला ठाऊक नव्हतं. म्हातारीनेही पुढे विचारलं नव्हतं.

सगळे उठले. पातेल्याच्या तळाशी थोडा भात उरला होता. धनीरामांनी कपाळाचा घाम पुसला, ताट घेतलं आणि सवयीने पळी उचलली.

"ठेव ते खाली," सत्यभामाबाई म्हणाली. ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, पातेल्यापाशी आली आणि त्यांच्या हातातून पळी घेतली. "बस."

धनीराम बसले. म्हातारीने त्यांच्या ताटात भात वाढला, वर वरण घातलं, आणि पुरे म्हणेपर्यंत वाढत राहिली. त्यांना पुरे म्हणताच येत नव्हतं.