झोळीतला हात

"अजून आवळ," तो म्हणाला.

"आवळलं की बोटं निळी पडतात. मला नका शिकवू." तिने पट्टीचा शेवटचा वेढा दिला, त्याचा धडधाकट उजवा हात छातीशी दुमडून झोळीत ठेवला आणि मानेमागे गाठ मारली.

होडीत पाण्याच्या बाटल्या रचत बसलेल्या नणंदेला हसू आवरेना. "दादा, हात कसा मोडला म्हणून विचारतील हं लोक."

"बायकोनं मोडला म्हणेन. कोणालाही पटेल."

ती हसली नाही. डोळे मिटून तिने समुद्राला हात जोडले आणि लांबलचक फळी पाण्यात लोटली.

उभा जन्म तिने इस्पितळाच्या प्लास्टरच्या खोलीत मोडलेली हाडं बांधली होती. तिथे सगळे तिला प्लास्टरताईच म्हणत. पण पहाटे ती समुद्रावर असे, फळीवर उभी, हातात एकच वल्हं. दरवर्षी या बेटावरून त्या बेटावर शर्यत निघे. प्रत्येकाच्या सोबतीला आपापली होडी. होडीतून पाण्याची बाटली टाकावी, वाट दाखवावी, हवा तेवढा आरडाओरडा करावा, सगळं चाले. स्पर्धकाचा हात मात्र होडीला लागता कामा नये, आणि होडीतल्या कोणाचा हात स्पर्धकाला. लागला की शर्यत संपली.

गेल्या वर्षी किनारा डोळ्यांसमोर असताना ती फळीवर गुडघे टेकून ओकत होती. नवरा फेरीबोटीवरचा माणूस. धक्क्याला बोट लागली की म्हाताऱ्याकोताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना हात द्यायचा आणि म्हणायचं, "जपून, पायाखाली बघा." तोच हात पुढे गेला आणि त्याने तिला उचलून होडीत घेतलं. संध्याकाळपर्यंत घर माणसांनी भरलं. नवऱ्यानं वाचवलं हो, नाहीतर काय झालं असतं! तिने सगळ्यांना चहा दिला. ती बुडत नव्हती. हे तिला ठाऊक होतं, आणि त्यालाही.

यंदा तिने नाव दिलं तेव्हा तो आपणहून म्हणाला होता, "माझ्या हाताचा भरवसा नाही गं. बांधूनच टाक."

शिट्टी झाली. सुरुवातीचं पाणी गुणी होतं. पण दोन्ही बेटं सारखीच लांब दिसू लागली तसा प्रवाह आडवा आला आणि फळी तिरकी सरकू लागली.

"किनाऱ्याकडे बघू नकोस!" डाव्या हाताने सुकाणू सांभाळत तो ओरडला. "दीपगृह धर! सरळ त्याच्यावर!"

"धरलंय हो! कान फुटतील माझे!"

"वहिनी, पाणी टाकू?"

"टाक."

बाटली तिच्यापुढे पाण्यात पडली. ती उचलायला वाकली आणि तेवढ्यात बाजूने आलेल्या लाटेने तिला फळीवरून खाली पाडलं. डोक्यावरून पाणी गेलं. वर आली तेव्हा पोटरीत गोळा आला होता, दगडासारखा. तिने फळीला मिठी मारली. होडी इतकी जवळ आली होती की कडेच्या रंगाचे पोपडे दिसत होते. हात लांब केला की झालं.

तो उभा राहिला होता. झोळीतलं कोपर आतल्या आत धडपडत होतं.

"दादा, खाली बस!"

"अगं, बुडतेय ती!"

"बुडत नाहीये मी," ती म्हणाली. टेबलावरच्या घाबरलेल्या रुग्णाशी बोलावं तसं, हळू. "गोळा आलाय. तुम्ही हलू नका, मीही हलत नाही. जाईल तो."

क्षणभर तो तसाच उभा राहिला. मग बसला आणि होडी आपल्या हाताने तिच्यापासून लांब नेली. तिकडे बघायचं त्याने टाळलं.

गोळा उतरला. ती फळीवर आधी पोटावर, मग गुडघ्यांवर आली आणि भडाभडा ओकली.

"वहिनी, गेल्या वर्षीसारखंच झालं गं!"

"गेल्या वर्षी इथवरच झालं होतं," तोंड पुसत ती म्हणाली आणि उठून उभी राहिली.

ती किनाऱ्याला लागली तेव्हा पुढचे लोक कोरडे कपडे घालून गप्पा मारत होते. शेवटची रेघ वर, वाळूत. तिथवर पायी जायचं. फळीवरून उतरताच पाय दुमडले आणि ती गुडघाभर पाण्यात बसली. रेघेवरचा पंच पुढे झाला.

"नको," ती म्हणाली. "कोणी नको."

वल्ह्याचा टेकू घेत ती उठली. पाय ओल्या प्लास्टरसारखे जड. तिने एकेक उचलला, टेकवला आणि रेघ ओलांडली.

"झालं, ताई," पंच म्हणाला.

"कोणाचा हात नाही ना लागला?"

"कुणाचाच नाही."

तिने मागे वळून पाहिलं. होडी लाटांवर डुचमळत होती. एक हात गळ्यात अडकलेला तो एक पाय बाहेर टाकून अडला होता. नणंद मागून होडी धरत होती आणि हसतही होती. उतरताना कोणाचा हात धरायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

ती पुन्हा पाण्यात उतरली. फोड आलेला तळवा तिने पुढे केला.

"जपून," ती म्हणाली. "पायाखाली बघा."

त्याने खाली पाहिलं आणि डावा हात तिच्या हातात दिला.