नेत्राच्या पाठीवरचे अकरा महिने

आज सकाळपर्यंत मी कपाटावर होते. जव्हारला दामोदर मास्तरांच्या घरी, जुन्या रजया आणि बंद पडलेला पंखा यांच्यामध्ये कोंबलेली ती निळी, फुगीर सॅक म्हणजे मी.

सात वर्षांपूर्वी मास्तरांच्या लेकीने, नेत्राने, मला नाशिकच्या एका दुकानात पाठीवर घेतलं, आरशात बघितलं आणि म्हणाली, "अगदी कासव दिसतेय मी!" तेवढ्यावर सौदा झाला. पुढचे अकरा महिने आम्ही दोघीच होतो. व्हिएतनाम, लाओस, आर्मेनिया, जॉर्जिया.

तिला सगळीकडे एकच प्रश्न विचारला जायचा, "तुझ्याबरोबर कोण?" बसमध्ये ती मला शेजारच्या सीटवर बसवायची, खोलीत दाराला टेकवून ठेवायची. मी काय राखण करणार! पण तिला बरं वाटायचं. लाओसमध्ये चार दिवस तापाने फणफणली, तेव्हा माझ्यात तोंड खुपसून रडली. लॉजच्या मालकिणीने भाताची पेज पाजली. जॉर्जियात एका म्हातारीबरोबर तीन आठवडे द्राक्षं खुडली. म्हातारी तिच्या भाषेत रागवायची, नेत्रा मराठीत उलट बोलायची, आणि दोघींचं छान जमायचं.

इकडे मास्तरांनी गावात सांगून ठेवलं होतं, "कंपनीने पाठवलंय. सगळी सोय कंपनीची." त्यामुळे परत आल्यावर प्रत्येकाने कंपनीचीच चौकशी केली. द्राक्षांबद्दल कोणी विचारलं नाही. मी कपाटावर गेले.

मग नेत्राचं लग्न झालं, स्वरा झाली. अनोळखी गावात एकटी उतरणारी ही बाई आता दर दहा मिनिटांनी लेकीचं कपाळ चाचपते. भाजी आणायला जाताना पर्समध्ये थर्मामीटर! "आई, ती मीच होते ना गं?" असं एकदा प्रेमलाताईंना विचारत होती. त्या म्हणाल्या, "मला काय माहीत? मी कुठे बरोबर होते?"

आज नेत्रा माहेरी आली होती, तेव्हा पोशेऱ्याहून हर्षदा आली. मास्तरांची जुनी विद्यार्थिनी, आता नाशिकला नर्स. तिला नेत्राच्याच वाटेने चार महिने एकटीने फिरायचं होतं, आणि त्यासाठी मी हवी होते. सोबत तिची आई बुधी. ओसरीवर टेकल्या टेकल्या बुधी म्हणाली, "मास्तर, तुमच्या पोरीला कंपनीनं धाडलं व्हतं ना? माझीला पण त्याच कंपनीत घाला. मंग मी नाय अडवत."

मास्तर चष्मा पुसत राहिले. हर्षदा नेत्राकडे टक लावून बघत होती. नेत्रा नुसतं "हो" म्हणाली असती, तर पोरीचं जाणं पक्कं होतं.

"बुधी, चहा घेतेस ना?" आतून प्रेमलाताईंनी उगाच मोठ्याने विचारलं.

नेत्राने स्वराला मांडीवर घेतलं, पुन्हा खाली ठेवलं. "कंपनी नव्हती, मावशी. मी एकटीच होते. घाबरायचेसुद्धा."

"मंग मास्तर खोटं बोललं?"

"बोललो," मास्तर म्हणाले. "लोकांच्या तोंडाला भ्यालो."

"आजारी पडलीस का कधी?" बुधीने नेत्राला विचारलं.

"चार दिवस ताप होता. लॉजवाल्या बाईने पेज दिली."

"आईला कळवलंस?"

"नाही."

चहाचे कप घेऊन प्रेमलाताई दारातच थांबल्या. "आता सांगतेस होय गं? सात वर्षांनी?"

 हर्षदाने मान खाली घातली.

आमच्याकडे दिवाळी सरली की पाडेच्या पाडे वीटभट्ट्यांवर जातात, त्याला 'जगायला जाणं' म्हणतात. बुधी बशीतला चहा फुंकत म्हणाली, "मी चौदाव्या वर्षाला जगायला गेले, वसईकडं. मालक व्हता, मुकादम व्हता, आमचीच वीस माणसं व्हती. ताप आला तं कोणी पेज नाय दिली." मग लेकीकडे वळली. "तू जगायला चाललीस का?"

"नाही आये. बघायला."

"मंग जाय. पण ताप आला तं मला सांगायचं. हिच्यावानी लपवायचं नाय."

नेत्राने मला खाली काढलं, झटकलं आणि माझ्यात गोळ्यांची पाकिटं भरायला लागली. तापाची, जुलाबाची, उलटीची, वर मीठ-साखरेची पावडर.

"ताई, मी नर्स आहे," हर्षदा म्हणाली.

"असू दे गं. माझ्यासाठी ने."

आता मी बुधीच्या पाठीवर आहे. जीपपर्यंत तीच नेते म्हणाली. पोरीला किती ओझं होईल ते तिला बघायचंय. माझी एक चेन अडकते, खालचं कापड विरलंय, पण चार महिने मी नक्की टिकेन. नेत्रा, तू काळजी करशीलच, कर. आणि वाचणाऱ्यांनो, बसमध्ये एखादी पोर सॅक कवटाळून एकटी बसलेली दिसली, तर बरोबर कोण आहे ते विचारू नका. कुठून कुठून आलीस, ते विचारा. खूप सांगायचं असतं तिला.